ऑनर सोसायटीचं बोलावणं आलंय, पैसे भरायचे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवरचे निघाले, अमेरिकेत शिकणाऱ्या पोरापोरींना येणारी 'ऑनर सोसायटी'ची, म्हणजे अभ्यासात पुढं असलेल्यांना मानाची मेंबरशिप देणाऱ्या मंडळांची, आमंत्रणं. तिकडं स्प्रिंगचं सेमिस्टर चालू झालं की ही पत्रं सुटतात आणि इकडं सांगली-साताऱ्यात रात्री जेवणं झाल्यावर व्हिडिओ कॉलवर खल चालू होतो. म्हणून एज्युकेशन लोन आणि एमपीएससीवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, या वेळी फक्त हेच. नावं कुणाचीच छापली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा सांगलीतनंच बीटेक झाला, सीजीपीए ९.१ होता, आता अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करतोय, तिसरं सेमिस्टर चालू आहे. परवा त्याला मेल आला की फाय कप्पा फाय म्हणून सोसायटी आहे तिची मेंबरशिप तुला देतोय, अमुक तारखेच्या आत पैसे भरून होकार कळव. तो म्हणतोय पप्पा हे मानाचं असतं, आणि आमच्या शेजारचे साहेब बँकेतनं रिटायर झालेत ते म्हणतात जिथं आधी पैसे मागतात तिथं शंभर टक्के फ्रॉड. आम्हाला दोघा नवराबायकोला यातलं काही कळत नाही. ही पात्रता ठरते कशी, त्याच्या इथल्या मार्कांमुळं नाव निघालं का, आणि खरं असेल तर चौकात फ्लेक्स लावायला हरकत नाही ना?
एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दादा, फ्लेक्सचं शेवटी बोलू. तुमच्या शेजारच्या साहेबांची शंका रास्त आहे, पण ही सोसायटी खरी आहे आणि जुनीही. १८९७ साली मेन विद्यापीठात चालू झाली, मार्कस युरॅन नावाच्या एका विद्यार्थ्यानं पुढाकार घेतला म्हणून. तोवरच्या सोसायट्या आपापल्या शाखेपुरत्या होत्या, कुणी आर्ट्स-सायन्सवाले घ्यायचं, कुणी इंजिनिअर, हिनं ठरवलं की शेतकी असो, इंजिनिअरिंग असो नाहीतर इतिहास, अभ्यासात पुढं असलेला कुठल्याही शाखेचा चालेल. (हा युरॅन पुढं क्रॅनबेरीच्या शेतीत पडला आणि ओशन स्प्रे ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढणाऱ्यांपैकी एक झाला. सांगलीकरांना हे सांगितलंच पाहिजे असं वाटलं, बाकी त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही.)

आता पात्रता. पदवीच्या तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी असेल तर किमान ७२ क्रेडिट (कोर्स पुरे केले की जमा होणारी एककं) झालेली पाहिजेत आणि त्याचा नंबर आपल्या वर्गातल्या वरच्या साडेसात टक्क्यांत पाहिजे, शेवटच्या वर्षाचा असेल तर वरच्या १० टक्क्यांत, आणि तुमच्या मुलासारखा मास्टर्स किंवा पीएचडी करणारा असेल तर तिथंही वरचे १० टक्के. ही सोसायटीची वरची मर्यादा झाली, एखाद्या विद्यापीठाचा चॅप्टर, म्हणजे सोसायटीचं तिथलं मंडळ, त्याहून कडक नियम लावू शकतो. म्हणजे बघा, समजा तिसऱ्या वर्षाला ४०० पोरं आहेत तर फार तर ३० जणांना पत्र जाणार, शेवटच्या वर्षाला ४०० असली तर ४० जणांना. यात ३.७ पाहिजे का ३.८ पाहिजे असा जीपीएचा (ग्रेडची सरासरी, चारपैकी मोजतात ती) ठोक आकडा सोसायटीनं कुठंच लिहिलेला नाही. लोकांचा सगळा गोंधळ इथंच होतो. मास्टर्सला तिकडं बऱ्याच जणांना ए ग्रेड पडतो, बी पडला तरी प्रोफेसर वाईट मानतात असं वातावरण असतंय, त्यामुळं ३.९ असूनही एखाद्याचं नाव निघत नाही आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या ३.८ वाल्याचं निघतं. बरोबरीच्या पोरांनी काय केलंय त्यावर सगळं. पूर्वी आपल्या बोर्डाची मेरिट लिस्ट लागायची तेव्हा त्या वर्षी शेवटचा मेरिटवाला किती मार्कांवर अडकणार हे आधी कुणी सांगू शकत नव्हतं, तसंच.

सांगलीतल्या ९.१ चा यात काडीचा उपयोग झालेला नाही, स्पष्टच सांगते. त्या मार्कांवर त्याला ॲडमिशन मिळाली, तिथं त्यांचं काम संपलं. रँक काढताना विद्यापीठाचं रजिस्ट्रार ऑफिस फक्त स्वतःच्या विद्यापीठातले ग्रेड धरतं, बाहेरून आणलेली क्रेडिट डिग्रीच्या हिशेबात घेतली तरी त्यांचे ग्रेड जीपीएत सहसा मिसळत नाहीत. म्हणजे हे नाव त्यानं तिथं गेल्यावर केलेल्या अभ्यासावर निघालंय. मला तर यात जास्त अभिमान वाटतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, या सोसायट्यांना अर्ज करायचा नसतो. रजिस्ट्रार यादी काढून देतो, चॅप्टरमधले प्राध्यापक ती बघतात, कुणावर कॉपीची किंवा शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर मार्क असूनही नाव गळू शकतं, आणि मग पत्र जातं. त्यामुळं मेल खरा का खोटा हे तपासायचं म्हणजे ही साखळी उलटी चालून बघायची. मुलाला सांगा मेलमधली लिंक उघडू नको, सरळ विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर जा, तिथं फाय कप्पा फायच्या चॅप्टरचं पान शोध, पानावर पदाधिकारी म्हणून प्राध्यापकांची नावं असतात त्यातल्या कुणालाही दोन ओळींचा मेल टाक की मला असं असं आमंत्रण आलंय, माझं नाव तुमच्या यादीत आहे का. एकदोन दिवसांत उत्तर येतं. मेल विद्यापीठाच्या पत्त्यावरून आला नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका, काही सोसायट्यांचं मुख्य ऑफिसच मेल पाठवतं. त्यांच्याच कॅम्पसवर चॅप्टर आहे का आणि तिथला जिवंत प्राध्यापक हो म्हणतोय का, एवढं बघायचं.

पैसे जवळजवळ सगळ्याच खऱ्या सोसायट्या घेतात, म्हणून आधी पैसे मागितले म्हणजे फ्रॉड हे गणित इथं लागू पडत नाही. रक्कम सोसायटी आणि चॅप्टरप्रमाणं बदलते, बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आगंमागं. मात्र ही फी एकदाच की दरवर्षी हे वाचून घ्या, पहिलं वर्ष झालं की पुढं मेंबरशिप चालू ठेवायला वेगळी वर्गणी असू शकते. हात आखडला असेल आणि भरले नाहीत तर डिग्रीवर, ट्रान्सक्रिप्टवर (तिकडची सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट), व्हिसावर कशावरही फरक पडणार नाही. पोराला हौस असेल तर भरा. माझं मत विचाराल तर या सोसायटीसाठी भरावेत, कारण बायोडेटात ही एक ओळ तिकडच्या प्राध्यापकांना ओळखीची असते आणि पुढं पीएचडीला जायचं मनात असेल तर मेंबरांसाठी त्यांच्या फेलोशिप असतात.

आता फ्लेक्स. लावा की, तुमचा मुलगा, तुमचा चौक. फक्त 'अमेरिकेत प्रथम' असलं काही त्या डिजिटलवाल्याला लिहू देऊ नका, त्याला सवय असते. वरच्या १० टक्क्यांत आलाय एवढंच खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. मी असते तर पेढे वाटून गप्प बसले असते.

प्रश्न : ताई, मुलगी मेकॅनिकलला आहे तिकडं, तिसरं वर्ष. तिला टाऊ बीटा पाय नावाच्या कसल्यातरी ग्रुपनं बोलावलंय, म्हणे आधी भेटायला या, मग दीक्षाविधी होईल. हे ग्रीक अक्षरांचे ग्रुप म्हणजे ज्यांच्या बंगल्यात रात्ररात्र दारू चालते आणि नवीन पोरांचे हाल करतात तेच ना? सिनेमात बघितलंय. तिचे बाबा तर तेव्हापासून जेवले नाहीत नीट. नको म्हणून सांगावं का?
एक आई, शाहूपुरी, सातारा

उत्तर : वहिनी, आधी भाऊजींना जेवायला वाढा. सिनेमात दिसतात त्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, ती राहण्या-मिसळण्याची मंडळं, तिथं मार्कांच्या मानावर निवड होत नाही. ऑनर सोसायटीला बंगला नसतो, एकत्र राहणं नसतं. दोन्हींची नावं ग्रीक अक्षरांची आहेत म्हणून घोटाळा होतो, आणि त्यालाही कारण आहे, मुळात दोन्हींचं घराणं एकच. १७७६ च्या ५ डिसेंबरला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही पोरांनी फाय बीटा कप्पा काढली, तेव्हा ती गुप्त मंडळीच होती, हात मिळवायची खूण वेगळी, शपथ वेगळी, वादविवाद करायचे आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही. पुढं तिनं ती गुप्तता सोडली आणि ती निव्वळ अभ्यासाच्या मानाची झाली, तिची ग्रीक अक्षरांची टूम मात्र बाकी सगळ्यांनी उचलली, अभ्यासू मंडळांनीही आणि पार्टीवाल्यांनीही.

टाऊ बीटा पाय ही इंजिनिअरांची. १८८५ साली लीहाय विद्यापीठात एडवर्ड विल्यम्स नावाच्या प्राध्यापकानं काढली, कारण फाय बीटा कप्पा इंजिनिअरिंगच्या पोरांना घेत नव्हती. तिचा नियम असा की तिसऱ्या वर्षाला असाल तर वर्गातल्या वरच्या एक अष्टमांशात पाहिजे आणि शेवटच्या वर्षाला वरच्या एक पंचमांशात. म्हणजे समजा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला १६० जण असतील तर तुमची मुलगी पहिल्या वीसांत आहे. यात घाबरायचं काय, ताट वाजवा.

एवढ्यावर मेंबरशिप मिळते असंही नाही बरं का. मार्कांनी फक्त दार उघडतं, त्यानंतर चॅप्टरची पोरं आणि सल्लागार प्राध्यापक माणूस म्हणून कसा आहे ते बघतात, त्यांच्या नियमातच चारित्र्याची अट आहे. म्हणून ते 'आधी भेटायला या'. कुठं छोटी मुलाखत असते, कुठं ज्युनिअर पोरांची शिकवणी घ्यायला लावतात, कुठं काही तास समाजसेवा. त्यांच्या बिल्ल्याचा आकार पुलाच्या आधाराच्या चौकटीसारखा असतो, त्याला ते 'बेंट' म्हणतात, आणि बऱ्याच कॅम्पसवर त्या आकाराचा ब्राँझचा मोठा पुतळाच उभा असतो, काही ठिकाणी नवीन पोरांकडनं तो घासूनपुसून चकचकीत करून घ्यायची पद्धत आहे. हाल म्हणायचे तर एवढेच. दीक्षाविधी म्हणजे हॉलमध्ये जमून प्रतिज्ञा वाचायची, वहीत सही करायची, सर्टिफिकेट घ्यायचं, नंतर बहुतेक पिझ्झा.

मुलीला जाऊ द्या असं सांगायला मला आणखी एक कारण आहे. याच सोसायटीत १९६९ पर्यंत मुलींना पूर्ण मेंबर करून घेत नव्हते, पात्र असली तरी तिला वेगळा बिल्ला देऊन बोळवण करायचे. फाय बीटा कप्पानं व्हरमाँट विद्यापीठात १८७५ सालीच बायकांना घेतलं होतं, इंजिनिअरांना आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली. आणि आता साताऱ्याची पोर मेकॅनिकलमध्ये पहिल्या अष्टमांशात येतेय आणि आपण सिनेमा बघून नको म्हणायचं?

प्रश्न : हाय मॅम, मी मूळचा कराडचा, इकडं एका लिबरल आर्ट्स कॉलेजला इकॉनॉमिक्स करतोय शेवटचं वर्ष, जीपीए ३.८९. माझ्या रूममेटला फाय बीटा कप्पाचं आमंत्रण आलं त्याचा ३.८४ आहे, मला नाही आलं. आधी वाटलं इंटरनॅशनल स्टुडंट म्हणून डावललं पण एका चिनी मुलीला आलंय. मी स्वतःहून अप्लाय करू शकतो का? आणि कॉलेजला भांडू का?
कराड

उत्तर : अप्लाय करता येत नाही आणि भांडू नकोस, पण विचार जरूर. परदेशी असणं आड येत नाही हे तुझं तुलाच दिसलंय. फाय बीटा कप्पाचं प्रकरण जीपीएपुरतं नसतं, तू चार वर्षांत काय काय शिकलास ते तिथं उलगडून बघतात. एकतर चॅप्टर सगळीकडं नाही, अमेरिकेतल्या साधारण दहातल्या एकाच कॉलेजात आहे, तुमच्याकडं आहे हे नशीब. मग त्या कॉलेजातल्या आर्ट्स आणि सायन्सच्या विद्यार्थ्यांमधले साधारण वरचे १० टक्के. मग तुझ्या विषयांचा बहुतेक भाग आर्ट्स-सायन्सचा पाहिजे, अकाउंटिंग, मार्केटिंग, कोडिंगचे धंदेवाईक कोर्स त्यात मोजत नाहीत, आणि माझा अंदाज तुझी गाडी इथंच अडली असेल कारण आपली पोरं इकॉनॉमिक्स घेतात आणि नोकरीच्या भीतीनं निम्मी क्रेडिट बिझनेसची उचलतात. शिवाय गणिताची अट आहे, आणि दुसऱ्या भाषेची आहे, कॉलेजच्या इंटरमीडिएट पातळीपर्यंत. तू मराठी माध्यमात शिकलास तर तुझी दुसरी भाषा इंग्रजीच की, पण ते कागदावर कुठंतरी नोंदवलेलं लागतं, काही चॅप्टर मातृभाषेची शाळेची मार्कशीट मान्य करतात, काही नाही. सेमिस्टर संपायच्या आधी चॅप्टरच्या सेक्रेटरी प्राध्यापकांना गाठ आणि एवढंच विचार की माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये नेमकी कुठली अट पुरी होत नाही. भाषेची नोंद राहिली असेल तर दुरुस्त होऊ शकते. क्रेडिटचा प्रश्न असेल तर सोडून दे. इकॉनॉमिक्सवाल्यांची ओमिक्रॉन डेल्टा एप्सिलॉन म्हणून वेगळी सोसायटी आहे, तुमच्या डिपार्टमेंटमध्ये तिचा चॅप्टर असेल तर तिथं तुझा ३.८९ आरामात चालावा, ती चौकशी मात्र आजच कर.

प्रश्न : ताई तासगावचा आहे मी, भाचा एमबीए करतोय तिकडं. इथला एक कन्सल्टंट सांगतोय की भाच्याला बीटा गॅमा सिग्माची मेंबरशिप घ्यायला लावा, ती असली की ग्रीन कार्डचं काम लवकर होतं, तो फाईल बनवून देतो म्हणतोय. खरं आहे का हे?
मामा, तासगाव

उत्तर : त्या कन्सल्टंटला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बीटा गॅमा सिग्मा चांगली आहे, १९१३ पासूनची आहे, एएसीएसबी (बिझनेस स्कूलचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या बिझनेस स्कूलमध्येच तिचा चॅप्टर असतो आणि मास्टर्सच्या वर्गातले वरचे २० टक्के तिला चालतात. पण ती 'घ्यायला लावता' येत नाही, कॉलेजनं द्यावी लागते. आणि ग्रीन कार्डचं म्हणाल तर ईबी-वन नावाच्या कॅटेगरीत असामान्य गुणवत्तेचे पुरावे मागतात त्यात एक मुद्दा मेंबरशिपचा आहे हे खरं, तिथनंच ही पुडी सुटली असणार, मात्र त्या मुद्द्याला अशी संस्था लागते जिथं देशात नाहीतर जगात नाव असलेले तज्ज्ञ तुमचं क्षेत्रातलं मोठं काम पारखून मग मेंबर करतात. वर्गात वरच्या २० टक्क्यांत आलो हे त्यात कुठंच बसत नाही. उलट असल्या कागदांनी फाईल फुगवली की वकीलही हसतात.

ऑनर सोसायटीचा सरकारदरबारी एक खराखुरा उपयोग आहे, तो सांगते म्हणजे तुमचं समाधान होईल. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरीत फक्त पदवीवर माणूस सहसा जीएस-५ या पगाराच्या पायरीवर लागतो, आणि अभ्यासात विशेष चमकला असेल तर जीएस-७ वर, त्यासाठी वर्गातला वरचा तिसरा हिस्सा, ठराविक जीपीए किंवा मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑनर सोसायटीची मेंबरशिप, यातलं काहीही एक दाखवलं तरी चालतं. फक्त त्या नोकऱ्या जवळजवळ सगळ्या तिथल्या नागरिकांसाठी. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या भाच्याला त्याचा उपयोग शून्य.

प्रश्न : मॅडम मी इस्लामपूरला बीटेक थर्ड इयरला आहे. मला लिंक्डइनवर मेसेज आला की तुमचं प्रोफाइल बघून आमच्या ग्लोबल ऑनर सोसायटीनं तुमची निवड केलीय, साडेचार हजार रुपये भरा, सर्टिफिकेट आणि मेडल घरपोच. माझे दोन बॅकलॉग आहेत तरी निवड झाली म्हणून जरा डाऊट आला. भारतात अशा खऱ्या सोसायट्या आहेत का?
इस्लामपूर

उत्तर : दोन बॅकलॉग असताना निवड झाली म्हणून डाऊट आला, यावरनं तू पुढं चांगला इंजिनिअर होशील असं मला वाटतंय.

मार्कशीट न मागता, कॉलेजला न विचारता, फक्त प्रोफाइल बघून 'निवड' करतात ती विक्री. त्यांच्या साइटवर पात्रता काय लिहिलीय ते वाच, 'नेतृत्वगुण', 'जागतिक दृष्टी' असले शब्द असतील आणि कुठं वर्गातला हिस्सा नाही, कॉलेजचा चॅप्टर नाही, प्राध्यापकाचं नाव नाही, तर पान बंद कर. अमेरिकेत या सोसायट्यांची एक शिखर संस्था आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज, १९२५ पासून आहे आणि मेंबर सोसायट्यांना किमान दर्जा लावते. तिच्या यादीत नाव नाही म्हणून प्रत्येक सोसायटी खोटी ठरत नाही, फाय बीटा कप्पालाही कुणाच्या शिक्क्याची गरज नाही, पण नाव असलं की एक काळजी मिटते. असला मेसेज आला की त्या सोसायटीचं नाव त्या यादीत आहे का, हे बघायला ती बरी पडते.

आपल्याकडं ही पद्धत रुजली नाही. आपला मान विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आणि पदवीदान समारंभात, शिवाजी विद्यापीठाचं राष्ट्रपती सुवर्णपदक कुणाला मिळालं हे सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पेपरात फोटोसकट छापून येतं, बाकीच्यांचं काही येत नाही. आपण पहिल्या नंबराला डोक्यावर घेतो आणि विसाव्याला विसरतो, आणि तिकडच्या पद्धतीत मला आवडतं ते हेच की वर्गातल्या पहिल्या विसांना, तिसांना एकत्र उभं करतात. असो. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असशील आणि बेसिक सायन्सला गेला असतास तर इन्स्पायर स्कॉलरशिप होती, वर्षाला ८०,००० रुपये, पण ती इंजिनिअरिंगला लागू नाही.

तुमच्या कॉलेजात आयट्रिपलईची (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची जागतिक संघटना) स्टुडंट ब्रँच असेल, तिची मेंबरशिप फी भरून कुणालाही मिळते, त्यात कमीपणा काही नाही, उलट कामं होतात. तिचीच एटा कप्पा नू नावाची ऑनर सोसायटी आहे, १९०४ साली इलिनॉयमध्ये निघालेली, २०१० मध्ये आयट्रिपलईत विलीन झाली, तिला मात्र तिसऱ्या वर्षाला वर्गातला वरचा चतुर्थांश आणि शेवटच्या वर्षाला वरचा तिसरा हिस्सा लागतो. बायोडेटात या दोन गोष्टी एक म्हणून लिहू नकोस, इंटरव्ह्यू घेणारा आयट्रिपलईवाला निघाला तर पंचाईत. आधी बॅकलॉग काढ रे बाबा.

प्रश्न : माझी पुतणी न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला आहे, दोन वर्षांचं. तिला फाय थीटा कप्पाचं आमंत्रण आलंय. दोन वर्षांच्या कॉलेजला कसली आली ऑनर सोसायटी, असं तिचे वडीलच म्हणतायत. काय करावं?
वाई

उत्तर : तिच्या वडिलांना सांगा की या अंकातल्या सगळ्या प्रश्नांत पैसे वसूल व्हायची शक्यता सगळ्यात जास्त तुमच्याच पोरीची आहे. फाय थीटा कप्पा १९१८ पासून खास दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीच आहे, साधारण १२ क्रेडिट झालेली आणि ३.५ जीपीए अशी अट असते, चॅप्टरप्रमाणं थोडंफार वरखाली. इथं वर्गातला नंबर नाही, ठरलेला जीपीए गाठला की झालं. महत्त्वाचं हे की तिला दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घ्यायचीय, आणि बरीच विद्यापीठं फाय थीटा कप्पाच्या मेंबरांसाठी वेगळी ट्रान्सफर स्कॉलरशिप ठेवतात. जिथं जायचं मनात आहे त्या विद्यापीठांच्या साइटवर आधी ती स्कॉलरशिप बघा, अंतिम तारीख लिहून ठेवा, परदेशी विद्यार्थ्याला चालते का ते विचारा, आणि मग फी भरा.

प्रश्न : ताई मी मिरजेची, सध्या इकडं केमिकल इंजिनिअरिंग करतेय. दुसऱ्या वर्षाला मला डेंगी झाला, सेमिस्टर अर्धं बुडालं, दोन सी पडले. बाकी सगळे ए आहेत. तिसऱ्या वर्षाला माझ्या मैत्रिणीला टाऊ बीटा पायचं आलं आणि मला नाही. आता माझं कायमचं गेलं का? मम्मीला अजून सांगितलं नाही.
मिरज

उत्तर : कायमचं कशाला जातंय. तिसऱ्या वर्षाला वरचा एक अष्टमांश बघतात, शेवटच्या वर्षाला एक पंचमांश, म्हणजे दारच रुंद होतं, आणि तोवर तुझे ए साठत जातात तसे ते दोन सी एकूण जीपीएत विरत जातात. रँक सगळ्या सेमिस्टरच्या मिळून काढतात, त्यामुळं यादी दरवेळी नव्यानं लागते. फाय कप्पा फायचंही तसंच, तिसऱ्या वर्षाला साडेसात टक्के आणि शेवटच्याला दहा. शिवाय काही विद्यापीठांत आजारपणाचं सर्टिफिकेट दाखवून मागाहूनही कोर्स काढून घेता येतो किंवा परत देता येतो, पण त्याला मुदत असते आणि एफ-वनवर असल्यानं क्रेडिट कमी पडली तर व्हिसाची भानगड होते, म्हणून आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार आणि मगच ॲडव्हायझरकडं जा, उलट क्रमानं नको.

दोन्ही वेळा नाव हुकलं तरी शिकत असताना अटीत बसत होतीस पण मेंबरशिप राहून गेली असं निघालं तर टाऊ बीटा पाय नंतर माजी विद्यार्थी म्हणूनही घेऊ शकते, ते चॅप्टरच्या हातात असतं. आणि मम्मीला डेंगीचं तरी सांगितलंयस का?